तापीकाठचा आलिम आणि मलय मुलखाचा ‘पुआसा’

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात रमजानच्या संध्याकाळी दस्तरखानावर खजुराच्या शेजारी केळी आणि पपई हमखास असतात. दोन्ही तालुक्याच्याच शेतातली. मगरिबची अजान होते आणि दिवसभराचा रोजा खजूर आणि पाण्याच्या घोटाने सुटतो. त्याच वेळी शेजारच्या घरात आजीची संकष्टी असेल, तर ती चंद्रोदयाची वाट पाहत बसलेली असते. आपण म्हणतो, यांचा रोजा आणि त्यांचा उपवास. मलय माणूस मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतो: ‘पुआसा’.

मलेशिया, ब्रुनेई, सिंगापूर आणि इंडोनेशियातील मलयभाषक मुसलमान रोजाला ‘पुआसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘उपवास’वरून आला आहे. रमजान म्हणजे ‘बुलान पुआसा’, उपवासाचा महिना. पापाला ते ‘दोसा’ म्हणतात, तो आपला ‘दोष’. पुण्याला ‘पहाला’ म्हणतात, ते आपले ‘फल’. जन्नत ‘श्युर्गा’ आहे, दोजख ‘नराका’ आहे आणि धर्माला शब्द आहे ‘आगामा’. इस्लाम पोहोचण्यापूर्वी त्या बेटांवर हिंदू आणि बौद्ध राज्ये होती. धर्म बदलला, तरी लोकांनी आपले शब्द टाकून दिले नाहीत. मलेशियात तेरेंगानू येथे सापडलेल्या, इ.स. १३०३च्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखात अरबी लिपीत इस्लामी कायदे कोरलेले आहेत. त्यात अल्लाहसाठी ‘देवता मुलिया राया’ असे शब्द आहेत.

या मुलखाशी आपले नाते जोडले ते पाण्याने. गोमाई प्रकाशा येथे तापीला मिळते. तापी पुढे उकाईमार्गे सुरतेला जाऊन समुद्रात मिसळते. मोगल काळात बुऱ्हाणपूर ते सुरत हा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. या रस्त्याने कापड सुरतेला पोहोचे आणि मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजे निघत. काही मक्केच्या दिशेने, तर काही पूर्वेकडे. त्याआधी, पंधराव्या शतकात, मलाक्का बंदरात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमलेले असत. त्यांतला एक केवळ गुजरातच्या व्यापाऱ्यांसाठी होता. इथून कापड जाई आणि तिथून मिरी व मसाले येत.

सुरतेसमोर, तापीच्या पलीकडच्या काठावर रांदेर आहे. जुने नाव रानीर. शेख नूरुद्दीन अर-रानीरी तिथलेच. घराणे मूळ हद्रमौतच्या अरबांचे, जन्म तापीकाठचा आणि कीर्ती मात्र मलय भाषेतली. १६३७ मध्ये ते सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या अचे सल्तनतीत पोहोचले. सुलतान इस्कंदर सानीने त्यांना मानाचे स्थान दिले. त्याच्या सांगण्यावरून १६३८ मध्ये त्यांनी ‘बुस्तान अस-सलातीन’ हा सात भागांचा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. विश्वाच्या उत्पत्तीपासून राजांच्या इतिहासापर्यंत सारे त्यात आहे.

रमजानच्या दृष्टीने मोलाचा आहे तो त्यांचा दुसरा ग्रंथ, ‘सिरात अल-मुस्तकीम’. नमाज, रोजा, जकात, हज यांचे नियम सांगणारा हा मलय भाषेतला पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. १६३४ मध्ये सुरू झालेले हे लेखन १६४४ मध्ये पूर्ण झाले. अरबी जाणणाऱ्या आलिमाने तो अरबीत लिहिला असता तर कुणी नवल केले नसते. पण कोळ्याला आणि मिरीच्या बागेतल्या मजुराला तो वाचून दाखवता आला नसता. पुढे बोर्निओतील आलिम मुहम्मद अर्शद अल-बंजारी यांनी याच विषयावर नवा ग्रंथ लिहिला. रानीरींच्या ग्रंथात अचेचे स्थानिक शब्द फार असल्याने तो आपल्याकडच्या लोकांना अवघड जातो, हे त्यामागचे एक कारण होते. परदेशी विद्वानाच्या मलयमध्ये स्थानिक बोली इतकी उतरावी, ही तक्रार असली तरी दादही आहे.

लिपीचीही गंमत आहे. मलय भाषा तेव्हा अरबी अक्षरांत लिहीत. या लिपीला ‘जावी’ म्हणतात. अरबीत ‘प’ नाही. उर्दूने ‘बे’च्या खाली तीन नुक्ते देऊन तो घडवला, तर मलय लोकांनी ‘फे’च्या वर तीन नुक्ते दिले.

मात्र रानीरींची सगळीच बाजू उजळ नाही. त्यांच्या आधी अचेत हमजा फनसुरी हे थोर सूफी कवी होऊन गेले होते. ईश्वर आणि सृष्टी यांच्या एकत्वाची त्यांची भाषा आपल्या वाचकाला अद्वैताची आठवण करून देईल. रानीरींनी त्या विचाराला कुफ्र ठरवले. बैतुर्रहमान मशिदीसमोर ग्रंथ जाळले गेले आणि काही अनुयायांना देहदंडही झाला. लोकांच्या भाषेत लिहिणाऱ्या विद्वानाने लोकांच्याच भाषेतले ग्रंथ आगीत जाऊ दिले, हे विसरून त्यांचा गौरव करता येणार नाही.

१६४१ मध्ये सुलतान वारले आणि त्यांची पत्नी सफियतुद्दीन गादीवर आली. १६४३ मध्ये सैफुर्रिजाल नावाचे मिनांगकाबाऊ विद्वान, तेही सुरतेहूनच, अचेत परतले. त्यांच्याशी वाद झाला आणि दरबाराचा कौल फिरला. १६४४ मध्ये रानीरी रांदेरला परतले. १६५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नंतर अचेत अब्दुर्रऊफ सिंकिली आले. मदिनेत शिकलेल्या या आलिमाने कुरआनचे पहिले संपूर्ण मलय भाष्य लिहिले. मतभेद त्यांचेही होते. पण दुसऱ्यावर कुफ्राचा शिक्का मारू नये, असे ते बजावत. त्यांची कबर नदीच्या मुखाशी आहे, म्हणून लोक त्यांना ‘शिया कुआला’ म्हणतात. इथे ‘शिया’ म्हणजे शेख आणि ‘कुआला’ म्हणजे नदीचे मुख किंवा संगम. आज बांदा अचेमध्ये सिंकिली आणि रानीरी या दोघांच्या नावांची विद्यापीठे शेजारी-शेजारी आहेत.

आपल्याकडचे पर्यटक आता विमानाने क्वालालंपूरला जातात. निळा समुद्र, उंच मनोरे आणि बाजार पाहून परततात. त्या शहराच्या नावाचा अर्थ ‘चिखलाचा संगम’. गोम्बाक आणि क्लांग या नद्या मिळतात तिथे १९०९ची जामेक मशीद उभी आहे. गोमाई-तापीच्या संगमावर केदारेश्वराला हात जोडणाऱ्या माणसाला ती जागा परकी वाटू नये.

मलय मुसलमान ईदला एकमेकांना म्हणतात, ‘माफ जाहिर दान बातिन’. ‘दान’ म्हणजे ‘आणि’. बाकीचे तिन्ही शब्द उर्दूभाषकाला ठाऊक आहेत आणि ‘माफ’ व ‘जाहीर’ मराठीतही रुळले आहेत. उघडपणे झालेल्या आणि मनातल्या मनात झालेल्या चुकांची माफी असावी, एवढाच त्याचा अर्थ. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारा शहाद्याचा व्यापारी वेगळे काय म्हणतो? महिनाभर भूक-तहान सोसून माणसाला जे मागावेसे वाटते, ते बहुधा हेच असावे.