मुदतीचा ताप आणि पोटातले जंत

पहिल्या पावसाने नाल्याची घाण विहिरीत उतरली की खानदेशात मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉईडचे, रुग्ण दिसू लागतात. पुष्कळदा त्याच घरात एखादे पोर पोट धरून रडत असते, त्याला जंत झालेले असतात. ताप उन्हाने आला आणि जंत गोड खाल्ल्याने झाले, असे सांगणारे शेजारी भेटतात. माताभगिनींनो, दोन्हींची वाट एकच आहे. माणसाची विष्ठा पाण्यातून, मातीतून आणि न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. म्हणून घरात टायफॉईड निघाला की डॉक्टरांना जंतांविषयीही विचारावे, शौच तपासून घ्यावे.

जळगाव-धुळ्याकडे अनेक वस्त्यांत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. गरीब माणूस अस्वच्छ म्हणून आजारी पडतो, असे म्हणणाऱ्यांनी चार दिवस ड्रममधल्या पाण्यावर घर चालवून पाहावे! साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन उडून जाते आणि पोराचा एक बुडवलेला हात सगळा माठ नासवतो. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, तोटीचा माठ असल्यास उत्तम. क्लोरीनच्या थेंबांनी टायफॉईडचे जंतू मरतात, पण जंतांची अंडी चिवट, ती मरत नाहीत. पाणी उकळले की दोन्ही संपतात. जळण महाग आहे हे आम्ही जाणतो. निदान आजाऱ्याचे व लहान मुलांचे पाणी तरी उकळावे.

खरा घोळ ताप उतरल्यावर होतो. बरे वाटले की गोळ्या अर्ध्यावर सुटतात आणि घरची बाई भाकरी थापायला बसते. ताप गेल्यावरही कित्येक आठवडे शौचातून जंतू पडू शकतात, काहींच्या पित्ताशयात ते वर्षानुवर्षे राहतात. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण ठणठणीत होती, पण तिच्या हातच्या अन्नातून अनेकांना टायफॉईड झाला. १९०७ मध्ये तिला एकांतात ठेवले. सुटल्यावर धुण्याच्या कामात भागेना, म्हणून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली. १९१५ मध्ये पुन्हा पकडली, ती १९३८ मध्ये मरेपर्यंत तशीच. आपल्या घरी कोणाला डांबायला नको. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिला चुलीपासून सुट्टी द्यावी. पीठ मळायला पुरुषांचेही हात चालतात.

शौचानंतर मातीने हात धुण्याची सवय सोडावी, कारण जंतांची अंडी मातीतच असतात. साबणच हवा. शेतात व परसाकडे जाताना पायात चप्पल असावी, कारण अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. तापाने आधीच खंगलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

तापात जंताची गोळी मनाने घेऊ नये. १ ते १९ वर्षांच्या मुलांना २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोल फुकट मिळते. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी, तीही चुरून. टायफॉईडची लसही आहे, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोफत टोचली होती. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

आणि तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटात एकाएकी जबर कळ आली, पोट कडक झाले किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर आतड्याला छिद्र पडले असेल किंवा आत रक्त जात असेल. सकाळची वाट पाहू नये, रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यावे.