लेक ड्रोन जोडते म्हणाली तर?



शेतात फवारणी करणारा ड्रोन आता बऱ्याच जणींनी पाहिला असेल. आज आपण त्याच्या धाकट्या भावंडाबद्दल बोलू. सुटे भाग आणून घरी जोडायचा आणि हौस म्हणून मोकळ्या रानात उडवायचा ड्रोन. गटांच्या बैठकांना जातो तेव्हा आम्हाला दोन प्रश्न ऐकू येतात. मुलगा ड्रोनचं सामान मागवायचं म्हणतो, पैसे द्यावेत का? आणि मुलगी म्हणते मलाही जोडायचाय, तर तिला करू द्यावं का? पहिल्या प्रश्नावर घरात निदान चर्चा तरी होते. दुसरा हसण्यावारी जातो. म्हणून आधी हे यंत्र समजून घेऊ, मग उत्तर देऊ.

ड्रोन म्हणजे चार पंख्यांचं यंत्र. सहा किंवा आठ पंख्यांचेही असतात, पण शिकायला चार पुरेत. पंखा फिरला की हवा खाली ढकलली जाते आणि यंत्र वर उचललं जातं. पण एक अडचण येते. मिक्सरचं बटण फिरवलं की अख्खा मिक्सर जागच्या जागी हिसका देतो, हे आपल्याला माहीत आहे. मोटर एका बाजूला फिरते तेव्हा तिचं अंग उलट्या बाजूला फिरू पाहतं. चारही पंखे एकाच बाजूला फिरले तर ड्रोन भोवऱ्यासारखा गरगरेल. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि उरलेले दोन उलटे. हिसक्याला हिसका मिळतो आणि यंत्र स्थिर राहतं. पुढे जायचं असेल तर मागचे दोन पंखे जोरात फिरवायचे. मागची बाजू उचलली जाते, ड्रोन पुढे झुकतो आणि पुढे सरकतो.

हे सगळं हाताने सांभाळणं माणसाला जमणार नाही. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालताना आपली मान नकळत इकडेतिकडे होते आणि तोल सांभाळते ना, तसंच काम ड्रोनच्या मधोमध बसवलेली एक लहानशी पाटी करते. तिला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. ड्रोन किती कलला हे ती सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि मोटरींचा वेग कमीजास्त करते.

बाकीचे भाग मोजकेच. चार हातांचा सांगाडा, चार मोटरी, प्रत्येक मोटरीचा वेग सांभाळणारा ईएससी नावाचा भाग, पंखे, बॅटरी, हातातला रिमोट आणि त्याचा संदेश घेणारा रिसीव्हर. हा संदेश रेडिओच्या लहरींवरून जातो. आमचं बोलणं तुमच्यापर्यंत येतं, त्याच घराण्यातल्या लहरी. भाग निवडताना वजनाचा हिशोब आधी करायचा. सगळं मिळून वजन १ किलो होत असेल, तर चार पंख्यांनी मिळून २ किलो उचलण्याइतका जोर लावला पाहिजे, म्हणजे एकेका मोटरीला अर्धा किलो. नाहीतर ड्रोन उडेल, पण वाऱ्यात आवरणार नाही. वायरी जोडायला सोल्डरिंग करावं लागतं. रेडिओ दुरुस्त करणारा तापलेल्या सळईने जोड देतो ना, तेच.

आता जपायच्या गोष्टी. त्या घरातल्या मोठ्यांनी पाठ कराव्यात.

पहिली, बॅटरी. ड्रोनची लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी पण तापट असते. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याच्यावर चार्ज करायचा नाही. उडवताना ३.५ व्होल्टच्या आसपास आला की ड्रोन खाली घ्यायचा. बरेच दिवस ठेवायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवायची. तिचाच चार्जर वापरायचा, फरशीवर ठेवून चार्ज करायची, गोधडीवर किंवा गवताजवळ कधीच नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. जवळ वाळूची बादली ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका आणि चुलीत किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका.

दुसरी, पंखे. ते बोट कापू शकतात. घरात मोटर तपासताना पंखे काढूनच ठेवायचे, उडवायच्या वेळी रानात बसवायचे. आधी रिमोट सुरू करायचा, मग बॅटरी जोडायची. उतरल्यावर उलटं, आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. रिमोटचा संपर्क तुटला तर ड्रोनने काय करायचं, हेही आधीच ठरवून तपासून घ्यायचं. त्याला फेलसेफ म्हणतात.

तिसरी, जागा. पीक निघालेलं मोकळं रान, सकाळची कमी वाऱ्याची वेळ. विजेच्या तारा, गुरं, माणसं दूर. ड्रोन डोळ्यांना दिसेल इतकाच लांब न्यायचा. त्याचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचा ड्रोन इथेच पडतो. म्हणून आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवावा. तिथे पडलं तरी काही मोडत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. 'ड्रोन नियम २०२१' मध्ये वजनाप्रमाणे वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. या दोन्ही वर्गांत हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण उडवायची जागा सरकारी नकाशावर हिरव्या भागात हवी आणि तिथेही साधारण ४०० फुटांच्या वर जायचं नाही. विमानतळाजवळची मर्यादा वेगळी असते, लाल भागात तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नकाशा आणि नोंदणीचा नियम सरकारच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या. तयार ड्रोन परदेशातून मागवायला २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र मागवता येतात.

पाचवी आपल्या गावची. रात्री आकाशात दिवा दिसला की चोर आले म्हणून गाव जागं होतं. म्हणून रात्री उडवायचा नाही, आणि दिवसाही पोलीस पाटलांना आणि शेजारच्या शेतकऱ्याला सांगूनच. कॅमेरा असेल तर कुणाच्या परसात, न्हाणीवर, नदीच्या घाटावर न्यायचा नाही. हे मुलांना आपणच बजावलं पाहिजे, कारण त्रास आपल्यालाच होतो.

आता पैसे. हौसेसाठी गटाचं कर्ज काढू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. लहान, हलक्या ड्रोनपासून सुरुवात करा आणि जादा पंखे आणून ठेवा, आधी तेच मोडतात. काही शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब असते. तिथे अवजारं मिळतात का, ते शिक्षकांना विचारा.

आणि मुलीचं काय? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. १५,००० महिला गटांना शेतीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, असं तिचं स्वरूप. त्यात एका सदस्येला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. पण आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीची आवड असलेली गटातली किंवा घरातली दुसरी व्यक्ती, तंत्रज्ञ-मदतनीस म्हणून. ऐन फवारणीच्या हंगामात ड्रोन बंद पडला आणि दुरुस्तीला तालुक्याहून माणूस येईपर्यंत थांबावं लागलं, तर कमाई बुडते. ती दुसरी जागा भरायला बाई कुठून येणार? जिने घरी चार वायरी जोडल्या, पडलेल्या ड्रोनचा हात बदलला, कुठली मोटर उलटी फिरतेय हे ओळखलं, तिच्यातूनच येणार. पुढे मजुरीवर ड्रोन चालवायचा तर पायलटच्या प्रमाणपत्राला १८ वर्षं पूर्ण आणि दहावी पास असावं लागतं. म्हणजे मुलीची शाळा सुटू देऊ नका, हेही त्यात आलंच.

तेव्हा लेक ड्रोन जोडते म्हणाली, तर तिला आधी बॅटरीचे नियम म्हणून दाखवायला सांगा. ते नीट सांगता आले, तर पक्कड तिच्या हातात द्या. आणि ती जोडत असताना भावाने 'आण इकडे, मी करतो' म्हटलं, तर त्याला वाळूची बादली भरून आणायला पाठवा.