दरमहा दीड हजार : खानदेशातील गरीब संसाराचा हिशेब

पैसा थोडा असला म्हणजे संसार ओढगस्तीचा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो अवेळी आला म्हणजेही संसार तितकाच खचतो, इकडे आम्हा पांढरपेशांचे लक्ष फारसे जात नाही. आयुष्य शिक्षकी पेशात घालवून आम्ही आज निवृत्तिवेतनावर जगतो. ती रक्कम मोठी नाही. पण ती ठरलेल्या वेळी येते, म्हणून वाण्याचा हिशेब, औषधपाणी आणि सणवार यांची सांगड आधीच घालता येते. खानदेशातील शेतमजुराचे तसे नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कपाशीची वेचणी चालते, तेव्हा हातात चार पैसे खेळतात. पुढे उन्हाळ्यात कामे विरळ होतात. पावसाळ्यात निंदणीचे दिवस संपले की पुन्हा हात रिकामे. पोट मात्र बारा महिन्यांचे असते.

अशा घरात दरमहा काही ठरावीक रक्कम, ‘ती अमुकच गोष्टीवर खर्च कर’ अशी अट न घालता येऊ लागली, तर त्या घराचे काय होते? हा प्रश्न आता केवळ अर्थशास्त्राच्या ग्रंथांतला राहिलेला नाही. तो जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्याखेड्यांतून प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

योजनेचे स्वरूप

महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना जून २०२४ मध्ये जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ती लागू झाली. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे, त्यातील २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीच्या बँकेतील खात्यावर दरमहा १,५०० रुपये जमा करावयाचे, असे तिचे स्वरूप ठरले. विवाहितांबरोबर विधवा, परित्यक्ता व निराधार स्त्रियांचाही तीत समावेश झाला. पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये त्या साली रक्षाबंधनाच्या सुमारास जमा झाले, आणि थोड्याच महिन्यांत लाभ घेणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन कोटींच्या वर गेली.

सरकारने गरिबास पूर्वी काही दिलेच नाही, असे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या राज्यात रोजगार हमीची कामे सर्वदूर निघाली. तेथे खडी फोडल्यावर दाम मिळे. शिधावाटपात धान्य मिळते, शिष्यवृत्ती शाळेत जाणाऱ्यास मिळते. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबास वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनी देऊ लागले, आणि २०२३ पासून राज्याने त्यात तितकीच भर घातली. ही रक्कमही विनाअट खरी. परंतु ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव असेल त्यास मिळते. सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते, आणि भूमिहीन मजुराचे तर कोठेच नसते. नव्या योजनेतही कोण पात्र याविषयी अटी आहेत. तथापि पैसा एकदा हाती आला की त्याचे काय करावे हे ज्या स्त्रीचे तिनेच ठरवावयाचे, आणि तिच्याजवळ जमीन असलीच पाहिजे असे नाही, या दोन गोष्टींत ही योजना निराळी आहे.

एका सालदाराचे घर

वाचकांनी चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील एखाद्या सालदाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सालदाराचे साल ठरते. साल ठरतानाच तो मालकाकडून उचल घेतो. ती लग्नकार्यात, आजारात किंवा मागील देणे फेडण्यात संपते. म्हणजे वर्षाच्या आरंभीच वर्षाची कमाई बरीचशी खाऊन झालेली असते, आणि पुढील आखाजीपर्यंत मालक सोडून जाण्याची सोय राहत नाही. घरात नवरा-बायको, दोन मुले व म्हातारी सासू अशी पाच माणसे धरू. बाई निंदणी-वेचणीस जाते. पण ती मजुरी काम असेल तेव्हाच.

अशा घरात बाईच्या नावे महिन्यास दीड हजार येतात. दिवसाचे पन्नास रुपये, माणशी दहा. या रकमेवर कोणी काम सोडून घरी बसेल, हे गणित कोणत्याही इयत्तेतील मुलास पटणार नाही. मग एवढ्याने होते तरी काय?

पहिली गोष्ट, उधारी सुटू लागते. उधारीचे गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही आणि भावाविषयी बोलू शकत नाही. रोखीचे गिऱ्हाईक दोन्ही करू शकते. दुसरी गोष्ट कर्जाची. समजा, मुलाच्या आजारासाठी पाच हजार रुपये खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा पाच या दराने काढले. महिन्याचे व्याज अडीचशे. सहा महिन्यांत नुसते व्याजच दीड हजार होते, आणि मुद्दल जसेच्या तसे. म्हणजे मिळणाऱ्या रकमेतून थोडे शिल्लक टाकून असे एक कर्ज टळले, तर सरकारी हप्त्याइतकी आणखी एक रक्कम घरातच राहिली. थोड्या पण नियमित पैशाचे मोल त्याच्या आकड्याहून अधिक का भरते, ते येथे कळते. पुढील आखाजीस उचल थोडी कमी घ्यावी लागली, तर त्या सालदारास साल ठरविताना मालकाशी दोन शब्द बोलण्याचे बळ येते. पारोळा-अमळनेरकडील कोरडवाहू जमिनीचा लहान शेतकरीही देणेकऱ्यांच्या तगाद्याने पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. घरखर्चापुरते पैसे हाताशी असले, तर तो चार दिवस थांबू शकतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आजवर बाईस वहीपेन्सिल, चोळीबांगडी किंवा आखाजीला माहेरी जाण्याचे एसटीचे भाडे हवे असले तरी नवऱ्यापुढे हात पसरावा लागे. आता तिच्या नावाचे खाते आहे. मुलीला ताप आला तर दवाखान्यात केव्हा न्यावयाचे, हे ती दुसऱ्याच्या खिशाकडे न पाहता ठरवू शकते.

स्त्रीधनाचा जुना विचार

या ठिकाणी संस्कृताच्या अभ्यासकास एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी एक म्हणजे भावाकडून मिळालेले धन. याज्ञवल्क्याने तर दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास अशा प्रसंगी पतीने वापरलेले स्त्रीधन तेवढे परत न करण्याची मोकळीक दिली आहे. एरवी त्यावर पतीची मालकी नाही, हाच त्याचा अर्थ. भाऊबिजेची ओवाळणी घातल्यावर ‘तिचे काय केलेस?’ असे कोणता भाऊ बहिणीस विचारतो? योजनेला बहिणीचे नाव देणाऱ्यांच्या मनात हा शास्त्रार्थ होता की नव्हता, हे येथे गौण आहे. स्त्रीच्या हाती तिचे स्वतःचे असे काही असावे, ही कल्पना परकी नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

सातपुड्यापलीकडील प्रयोग

‘पण पैसा दारूत जाईल’ ही शंका घेणारे पुष्कळ आहेत. धुळ्याहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडला की काही तासांत इंदूर येते. त्या भागातील खेड्यांत २०११ ते २०१२ या काळात ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला. निवडलेल्या गावांतील प्रत्येकास विनाअट पैसे दिले. प्रारंभी प्रौढास महिन्यास २०० व मुलास १०० रुपये, आणि वर्षानंतर ३०० व १५० रुपये. तशाच दुसऱ्या गावांत काही न देता दोहोंची तुलना केली. पैसे मिळालेल्या गावांत अन्न सुधारले, लहान मुलींची वजने वाढली, शाळेवरील खर्च वाढला, कोणी शेळ्या घेतल्या तर कोणी शिलाईयंत्र. आदिवासी गावात लोक दुसऱ्याची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले. दारूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. आफ्रिकेतील केनिया देशात याच सुमारास झालेल्या अशाच प्रयोगातही लोकांनी घरावर पत्रे घातले, जनावरे घेतली. दारू-तंबाखूचा खर्च तेथेही वाढला नाही. एखादा नवरा बायकोच्या हातून पैसे हिसकावून घेणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु असा नवरा तिच्या मजुरीचे पैसेही हिसकावीतच होता. त्याकरिता तिची मजुरी बंद करावी, असे कोणी सुचविले नव्हते.

उणिवा

आता दुसरी बाजू. ही योजना २०२४ च्या नोव्हेंबरात झालेल्या विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी आली, आणि त्या वेळी दीड हजारांचे एकवीसशे करण्याचे आश्वासनही दिले गेले. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची आशा न धरता दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे, आणि फळावर डोळा ठेवून दिलेल्यास राजस. त्या कसोटीस राज्यकर्ते कितपत उतरतात, ते वाचकांनी ठरवावे. पहिल्याच वर्षी योजनेस ४६ हजार कोटी रुपये लागतील असा अंदाज होता. एवढा पैसा शाळा, दवाखाने व पाटबंधारे यांच्या तोंडचा काढून दिला जाऊ लागला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतल्यासारखे होईल. पन्नास रुपयांत प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नाही, आणि मुलीच्या गावाजवळ हायस्कूलही निघत नाही.

दुसरी उणीव अनिश्चिततेची. आरंभी अर्ज घाईने मंजूर झाले. पुढे २०२५ मध्ये छाननी होऊन लक्षावधी नावे संशयित ठरली, आणि सप्टेंबर २०२५ पासून आधार क्रमांकाद्वारे पडताळणी सक्तीची झाली. तीत पती किंवा पिता यांचाही आधार क्रमांक मागितल्याने विधवा व परित्यक्ता यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. खोटे लाभार्थी वगळावेत, हे योग्यच. सरकारी नोकरीतील काही स्त्रियांनीही हा पैसा उचलल्याचे उघडकीस आले होते. पण हप्त्याची तारीख हलू लागली की या मदतीतील जीवच जातो. निवृत्तिवेतन दोन महिने अडकले तर आपल्या घरात काय होते, याची कल्पना प्रत्येक निवृत्तास करता येईल.

आपले कर्तव्य

‘आमच्या कराचा पैसा फुकट वाटला जातो’ असे उद्गार बैठकीत निघतात. साबणाच्या वडीवर व चपलेच्या जोडावर सालदाराची बायकोही कर भरते, हे तेव्हा स्मरणात असावे. ज्यांची शेती गावी सालदारांच्या भरवशावर चालते, त्यांच्याकडून ‘आता मजूर मिळत नाहीत’ अशी तक्रारही ऐकू येते. पन्नास रुपयांच्या आधाराने कोणी अपुरी मजुरी नाकारू लागले असेल, तर दोष त्या पन्नास रुपयांचा नव्हे, मजुरीच्या दराचा आहे.

आपल्या घरी भांडीधुण्यास येणाऱ्या बाईचा पगार वाढविण्याची वेळ आली असता ‘तुला सरकारचे मिळतात ना?’ असे म्हणून तो टाळणे तर सर्वथा अनुचित. तिच्या श्रमाचे मोल निराळे आणि हे निराळे. त्याउलट शिकलेल्या घरास सहज करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. तिचे आधार खात्यास जोडलेले आहे की नाही ते पाहावे, पडताळणीचा अर्ज भरून द्यावा, पासबुकातील नोंद वाचून दाखवावी. आणि एवढे केल्यावर त्या पैशांचे तिने काय केले, हे मात्र विचारू नये.