आधी चपला काढा

गेल्या जानेवारीत एका पहाटे आमच्या हॉलमध्ये बार उडावा तसा आवाज झाला. धावत बाहेर आलो तर खिडकीपाशी शेजारशेजारच्या दोन फरश्या तंबूसारख्या वर उचलल्या गेलेल्या. सकाळी गवंडी आला. गुडघ्यावर बसून थापीच्या दांड्याने तो एकेक फरशी ठोकत पुढे सरकू लागला. कुठे 'ठक्' असा भरीव आवाज येई, पण निम्म्या हॉलभर नुसता 'डबडब'. "ताई, या नुसत्या टेकून बसल्यात. धरलंच नाही मालाने," तो म्हणाला. त्या रंगाची फरशी बाजारातून केव्हाच गेली होती. दोन फरश्यांपायी अख्खा हॉल उकरायची वेळ आली आणि मग महिनाभर फरशी या एकाच विषयाने घर व्यापलं.

दुकानांमधून फिरताना पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. तिथे फरशी आपल्याला उभी दाखवतात. मोठ्या चौकटीत लावलेली, वरून दिव्यांचा झोत सोडलेला, आणि आपल्या पायात चपला. घरी मात्र ती आडवी असते, दिवसातून एकदा ओली होते आणि तिच्यावर अनवाणी पाय पडतात. शिवाय मराठी घरातला हॉल नुसता चालण्यापुरता नसतो. गौरी-गणपतीत तिथेच आरास होते, तिथेच पंगत बसते, पाहुणे जास्त झाले की रात्री गाद्या तिथेच पडतात. रांगणारं पोर दिवसभर तिथेच असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की दुकानात चपला काढा, नमुन्याची फरशी जमिनीवर ठेवायला सांगा आणि तिच्यावर उभे राहा. जमलं तर दोन-तीन नमुने घरी आणा.

आम्ही आणले. बाल्कनीत मांडून त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना एकेकीवर उभं केलं. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. आरशासारख्या चकचकीत फरशीवर त्यांनी पाऊल टेकवताच माझा दंड घट्ट पकडला. मॅट फरशीवर त्या सरळ उभ्या राहिल्या. त्या एका मिनिटात निम्मे नमुने बाद झाले. घसरण मोजायचं एक प्रमाणही असतं. आर ९ पासून आर १३ पर्यंत आकडे असतात, आणि आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. हॉलला आर ९ किंवा आर १० पुरतो. त्याहून खरखरीत घेतली तर खाचांत मळ बसतो आणि पुसणाऱ्याचे हात भरून येतात. घरात म्हातारं माणूस असेल तर आर १० च घ्या. या वयात मांडीचं हाड मोडलं, तर पुढचे महिने सगळं घर अंथरुणाभोवती फिरतं.

आता दगडाकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असायची. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. तिथला दगड रेल्वेने महाराष्ट्रभर पोचला. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातला, हिरवट-तपकिरी कोटा राजस्थानातला. हे तिन्ही चुनखडीचे दगड. मकराण्याचा संगमरवर म्हणजेही पूर्वीची चुनखडीच, भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली. या सगळ्यांचा मूळ घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं आंबटाशी वैर असतं. संगमरवरावर लिंबाच्या सरबताचे चार थेंब पडले आणि तसेच राहिले, की तिथे निस्तेज ठिपका उमटतो. लोक तो डाग समजून घासत बसतात. खरं तर तिथला दगडाचा वरचा पापुद्राच विरघळलेला असतो. पुन्हा पॉलिश केल्याशिवाय तो जात नाही. चिंच, कोकम, व्हिनेगर यांचीही तीच गत. बांधकामानंतर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड ओततात, ते तर अशा दगडावर चुकूनही पडू देऊ नये. ग्रॅनाइट हा अग्निजन्य दगड. लिंबू त्याचं काही बिघडवत नाही आणि संगमरवरापेक्षा तो खूपच कठीण असतो.

तरीही माझं मन कोट्यावर आहे हे सांगून टाकते. तो पायाला गुळगुळीत लागतो, पण काचेसारखा निसरडा होत नाही. वीस वर्षांनी उतरलेला वाटला तर मशीन फिरवून पुन्हा नवा करता येतो. टाइलचा मुलामा एकदा घासला गेला की असा परत आणता येत नाही. ज्यांचं स्वतःचं बैठं घर आहे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, त्यांनी दुकानदाराने नाक मुरडलं तरी कोटा किंवा पॉलिशची शहाबादी जरूर बघावी. मे महिन्यात अकोल्यात, चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी जमिनीवर आडवं होण्याचं सुख या दगडांतच आहे. दगड आणि लाकूड एकाच खोलीत एकाच तापमानाला असले तरी दगड गार लागतो, कारण तो तळपायाची उष्णता भराभर ओढून घेतो. लाकूड ती फारशी घेत नाही, म्हणून ऊबदार वाटतं.

हाच गारवा कोकणात पावसाळ्यात वेगळं रूप घेतो. जून-जुलैत तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो. हवेत बाष्प भरपूर, आणि जमिनीला लागून असलेली फरशी हवेपेक्षा गार. मग गार तांब्याबाहेर पाणी धरतं तसं फरशीवर धरतं. काही घरांत जोत्यातून वर चढणारी ओलही त्यात असते, आणि तिची खूण म्हणजे सांध्यांवर फुटणारा पांढरा क्षार. अशा घरात फरशी बदलून भागत नाही, आधी ओल अडवावी लागते. आणि अशा ठिकाणी लॅमिनेटची लाकडी फरशी घालूच नये. तिच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांपासून केलेल्या एसपीसी पट्ट्या पाण्याने फुगत नाहीत, जुन्या फरशीवर दोन दिवसांत बसतात. पण निरांजन कलंडलं किंवा उदबत्तीचा निखारा पडला तर त्यावर कायमचा चट्टा राहतो. झोपण्याच्या खोलीला त्या ठीक, हॉलला मी सुचवणार नाही.

मुंबईच्या जुन्या घरांतल्या मोझॅकबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून केलेली ही लादी. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्ज या कंपनीने सिमेंटच्या लाद्या बनवायला सुरुवात केली, आणि पुढे सिमेंटच्या लाद्यांनी शहरातल्या कितीतरी इमारतींची जमीन व्यापली. तुमच्या घरात अशी लादी शाबूत असेल तर ती उखडण्याआधी एकदा पॉलिशवाल्याला बोलवा. वरची काळी पुटं निघाल्यावर आतून जे रंग वर येतात ते पाहून पुष्कळांनी बेत बदललेले मी पाहिले आहेत.

फ्लॅटमध्ये मात्र बहुतेकांची गाडी व्हिट्रिफाइड टाइलवरच येऊन थांबते, आणि आमचीही थांबली. त्याला वजनाचं कारण आहे. वीस मिलिमीटर जाडीचा दगड चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास भरतो, त्याखालचा मालाचा थर वेगळा. नऊ-दहा मिलिमीटरची टाइल साधारण त्याच्या निम्म्याने. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी चढवायची असेल तर हा भार आणि दारं खालून किती तासावी लागतील, दोन्ही आधी पाहा, आणि सोसायटीला विचारा. या टाइलचं देशातलं मोठं केंद्र म्हणजे गुजरातेतलं मोरबी. माती, फेल्डस्पार आणि सिलिका दाबून बाराशे अंशांच्या आसपास भाजली की ती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणून तिच्यावर हळद-कुंकू सांडलं तरी पुसून निघतं. घेताना तिची कड पाहा. 'डबल चार्ज' टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, तो सहज झिजत नाही. 'जीव्हीटी'वर नक्षी छापून वर मुलामा दिलेला असतो. रूप देखणं, पण कपचा उडाला की आतला वेगळा रंग दिसतो.

आणि पाणी न पिण्याचा हाच गुण त्या पहाटेच्या आवाजामागे होता. साध्या सिमेंटच्या मालाला फरशीच्या पाठीत थोडं शिरावं लागतं, तेव्हा तो धरतो. व्हिट्रिफाइडमध्ये त्याला शिरायला वाव नाही. त्यात आमच्या जुन्या गवंड्याने फरश्या एकमेकींना खेटून लावल्या होत्या, 'फट दिसली की वाईट दिसतं' म्हणून. थंडीत खालचं काँक्रीट फरशीपेक्षा जास्त आकसतं. फरक अगदी थोडा, मिलिमीटरचे काही दशांश, पण फटच नसेल तर फरश्या एकमेकींना रेटू लागतात आणि जिथे पकड कच्ची तिथून उसळतात. म्हणून टाइल-अ‍ॅडहेसिव्हच वापरायला लावा. ते दाती थापीने पसरून फरशीच्या पूर्ण पाठीला लागलं पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून फरशी दाबणाऱ्याला तिथेच थांबवा. दोन फरश्यांत दोन मिलिमीटरचे स्पेसर हवेत, आणि भिंतीलगत पाच-सात मिलिमीटर जागा सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. काम झाल्यावर, ग्राउट भरण्याआधी, स्वतः नाणं घेऊन प्रत्येक फरशी वाजवून पाहा. डबडब वाजली ती त्याच दिवशी काढायला सांगा. मजुरीत चौरस फुटामागे थोडे पैसे वाचवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या हॉलमध्ये आता करड्या रंगाची मॅट, डबल चार्ज टाइल आहे. सासूबाई तिच्यावर काठी न घेता फिरतात. खरेदीच्या वेळी हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त फरशी घेतली होती, एकाच बॅचची आणि एकाच शेडची, कारण पुढच्या भट्टीत रंग थोडा तरी बदलतोच. त्यातला न फोडलेला एक डबा माळ्यावर ठेवला आहे आणि त्यावर जाड पेनाने बॅच नंबर आणि तारीख लिहिली आहे. तुम्हीही एक डबा ठेवा.