टेलिपोर्टेशन, आठशे पानं आणि वैतागलेला वाचक

विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या गप्पांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. “कल्पना भारी होती हो, पण पुस्तक संपता संपेना. आणि शेवटपर्यंत कळलंच नाही की लेखकाला म्हणायचंय काय!” ही तक्रार प्रयोगशील कादंबऱ्यांच्या वाट्याला जरा जास्तच येते. वाचक यात नेमका कशाने वैतागतो, ते आज बघू. पानांच्या संख्येने, की आणखी कशाने?

त्यासाठी दोन अमेरिकन कादंबऱ्या घेऊ. एकीत माणसं क्षणात इथून तिथे जातात, आणि ती कशी जातात हे लेखक नीट सांगतो. दुसरीत टेलिपोर्टेशन हा शब्दही नाही. तिथे उलट वाचकच इथून उचलून तिथे टाकला जातो, आणि कुणी काही समजावत नाही.

आधी टेलिपोर्टेशनबद्दल दोन गोष्टी. हा शब्द रूढ केला चार्ल्स फोर्ट या लेखकाने, १९३१ सालच्या ‘लो!’ या पुस्तकात. कल्पना अर्थातच जुनी. कथासरित्सागरातला पुत्रक जादूच्या पादुका घालून हवा तिथे उडून जातो, हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. परीकथेत हे चालून जातं. कादंबरीकाराची मात्र पंचाईत होते. माणूस क्षणात कुठेही पोहोचू शकत असेल, तर पाठलाग, पळून जाणं, उशीर होणं, वाट बघणं हे सगळं बाद झालं. मग गोष्टीत उरलं काय?

आल्फ्रेड बेस्टरने ही अडचण सोडवली. त्याची कादंबरी १९५६ साली इंग्लंडमध्ये ‘टायगर! टायगर!’ या नावाने आली. अमेरिकेत ती ‘गॅलक्सी’ मासिकात क्रमशः छापली गेली आणि पुढे ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ या नावाने ओळखली गेली. तिच्यात माणसं केवळ मनाच्या जोरावर एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात. या क्रियेला बेस्टर ‘जाँट’ म्हणतो.

पण जाँटला नियम आहेत. आपण कुठे उभे आहोत आणि कुठे जायचं आहे, या दोन्ही जागा डोळ्यांपुढे स्वच्छ हव्यात. एका उडीत जास्तीत जास्त हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. आपल्याकडचा हिशेब करायचा, तर मुंबईहून दिल्ली एका उडीत होईल. मुंबईहून कोलकाता किंवा बंगळुरूहून दिल्ली मात्र थोडक्यात हुकेल, मध्ये कुठेतरी टेकावं लागेल. आणि अंतराळातून जाँट करणं कुणालाच जमलेलं नाही.

या नियमांमधून बेस्टर सगळा समाज उभा करतो. मला या कादंबरीतला हा भाग सगळ्यात आवडतो. कुणीही कुणाच्याही घरात प्रकटू शकतं, म्हणून श्रीमंतांच्या घरांची प्रवेशद्वारं भुलभुलैयासारखी बांधलेली, जागा परक्याच्या लक्षातच राहू नये. तुरुंग जमिनीखाली आणि संपूर्ण अंधारात, कारण आपण कुठे आहोत हेच माहीत नसेल तर कैदी पळणार कसा? बड्या घरच्या बायका पुन्हा पडद्याआड कोंडलेल्या. चोरांच्या टोळ्या पृथ्वीभर रात्रीच्या मागे मागे फिरणाऱ्या. आणि प्रतिष्ठा कशात, तर जाँट न करण्यात! खरा धनाढ्य माणूस मुद्दाम जुन्या वाहनातून सावकाश येतो. (आपल्याकडे आजही लग्नात नवरदेव घोड्यावरून येतोच की.)

गोष्ट सुडाची आहे. गली फॉइल नावाचा अडाणी खलाशी एका मोडक्या यानात एकटाच अडकून पडलाय. दुसरं यान जवळून जातं, त्याची हाक ऐकूनही थांबत नाही. तिथून तो पेटतो. शेवटाकडे एका जळत्या चर्चमध्ये त्याच्या इंद्रियांची सरमिसळ होते : आवाज दिसू लागतात, रंग ऐकू येतात. तिथे छापील ओळीसुद्धा सरळ राहत नाहीत. अक्षरं मोठी होतात, वळतात, पानभर पसरतात.

हा १९५६ सालचा प्रयोग होता, तेव्हा वाचक भडकायला हवे होते. समीक्षक डेमन नाइट यांनी पुस्तकाला चांगलंच झोडपलं, अभिरुची वाईट, विसंगती भरपूर, शास्त्रीय चुकाही आहेत, असं म्हणाले. पण शेवट त्यांनाही हलवून गेला. आणि सर्वसाधारण वाचक ती वाकडी पानं ओलांडून पुढे गेला, त्या पानांमुळे पुस्तक कुणी टाकून दिल्याचं सहसा ऐकू येत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. तोवर वाचकाला सगळे नियम पाठ झालेले असतात. ओळी फुटल्या तरी त्या का फुटल्या हे त्याला ठाऊक असतं : डोकं बिघडलंय ते फॉइलचं.

आता दुसरं पुस्तक. सॅम्युअल डिलेनी हा न्यूयॉर्कच्या हार्लेमचा लेखक, जन्म १९४२. पंचविशीतच त्याने दोन नेब्युला पुरस्कार मिळवले, ‘बेबल-१७’ आणि ‘द आइन्स्टाइन इंटरसेक्शन’ या कादंबऱ्यांसाठी. दोन्ही आटोपशीर, चटकदार. बेस्टरची ती कादंबरीही त्याने फार मानलेली. मग १९६९ ते १९७३ एवढा काळ त्याने एकाच पुस्तकावर घालवला, आणि १९७५च्या जानेवारीत ‘डालग्रेन’ बाहेर आली. स्वस्त पेपरबॅक, आणि पानं आठशेच्या वर! ज्या वाचकाने डिलेनीचं मागचं पुस्तक एका बैठकीत संपवलं होतं, त्याच्या हातात ही वीट पडली.

‘डालग्रेन’ घडते बेलोना नावाच्या काल्पनिक अमेरिकन शहरात. तिथे काहीतरी भयंकर घडून गेलंय. काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. बहुतेक लोक शहर सोडून गेलेत. एक तरुण तिथे येतो, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. लोक त्याला ‘किड’ म्हणतात. रस्त्यांच्या पाट्या बदलत राहतात, खुणेच्या जागा सरकतात, दिवसेंदिवस जळणारी इमारत जळून संपत नाही. आकाशात एकदा दोन चंद्र दिसतात. किडला वाटतं आपण थोडा वेळ बाहेर होतो, इतर सांगतात की पाच दिवस झाले. पुस्तकाचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं आणि सुरुवातीच्या वाक्याला जाऊन जुळतं. शेवटच्या प्रकरणात एकाच पानावर दोन मजकूर शेजारी शेजारी धावतात. व्हिडिओत मी ती पानं दाखवली होती, इथे वर्णनावर भागवून घ्या.

बेस्टरकडे असते तशी नियमावली इथे कुठेच नाही. किड एका जागी डोळे मिटतो आणि दुसरीकडे उघडतो, पण हजार मैलांसारखी मर्यादा कुणी सांगत नाही. हे शहराचं गूढ आहे, की किडच्या मनाचा आजार, की लेखकाचा गोंधळ? वाचकाने ठरवायचं.

यावर लोक कसे तुटून पडले बघा. फिलिप के. डिक, म्हणजे वास्तव कोसळणाऱ्या कथांचा बादशाह, त्याने पुस्तक सुरू केलं आणि कचरा म्हणून टाकून दिलं. हार्लन एलिसनने लॉस एंजेलिस टाइम्समध्ये लिहिलं की साडेतीनशे पानांच्या थोडं पुढे जाऊन मी हात टेकले. आणि त्याच वेळी थिओडोर स्टर्जन या ज्येष्ठ विज्ञानकथाकाराने विज्ञानकथेच्या प्रांतात निर्माण झालेल्या सर्वोत्तम कृतींमध्ये तिला बसवलं. नेब्युलासाठी तिचं नामांकन झालं, पुरस्कार मात्र जो हॉल्डमनच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ला गेला. एवढं होऊन ‘डालग्रेन’च्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

तर प्रश्न हा, की घेत कोण होतं?

याचा धागा डिलेनीने स्वतःच दिलाय. त्याला या पुस्तकाबद्दल जितकी पत्रं आली तितकी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाबद्दल आली नव्हती, आणि त्यातली बरीचशी नेहमी विज्ञानकथा न वाचणाऱ्यांची होती. त्यांना पुस्तक अवघड वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की ही तर आमच्या ओळखीची माणसं आहेत. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन शहरांत दंगली झाल्या होत्या, वस्त्यांच्या वस्त्या जळाल्या आणि तशाच पडून राहिल्या. अशा वस्तीत राहिलेल्या माणसाला ‘या शहराचं असं का झालं’ हे लेखकाने समजावून सांगण्याची गरज नव्हती. कारण न कळता जळक्या शहरात राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. उलट सराईत विज्ञानकथा वाचक पानोपानी स्पष्टीकरणाची वाट बघत राहिला. पान जितकं पुढे जाईल तितकी त्याची उधारी वाढत गेली, आणि शेवटी ती बुडाली.

आपण मराठी वाचकही या बाबतीत सराईतच. आपली विज्ञानकथेची गोडी मुख्यतः मासिकांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या कथांवर पोसलेली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तिथपासून आपल्याला सवय आहे की कोडं पडेल आणि विज्ञान ते सोडवेल. चांगली सवय आहे. फक्त ती घेऊन बेलोनात गेलं, की पायऱ्या नसलेल्या जिन्यावर पाऊल टाकल्यासारखं होतं.

माझंही तेच झालं. पहिल्या खेपेला मी दोनशे पानांच्या आसपास पुस्तक मिटलं. दुसऱ्यांदा मला धरून ठेवलं ते रिचर्ड्स कुटुंबाने. ओस पडलेल्या उंच इमारतीत हे मध्यमवर्गीय कुटुंब जणू काही झालंच नाही असं राहतंय. नवरा रोज सकाळी ऑफिसला निघतो. ऑफिस उरलंय का, कोण जाणे. बायकोला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट हवाय, म्हणून किडला तासाच्या बोलीवर सामान हलवायला ठेवलंय, आणि या शहरात पैशाला काही किंमतच नाही. पानंच्या पानं फर्निचर हलतंय. “यात कथानक कुठे आहे?” असं विचारणारे वाचक इथेच सर्वाधिक चिडतात. पण संध्याकाळच्या जेवणाला टेबलावर बसून सगळं ठीक असल्याचा आव आणणारी ती बाई मी विसरू शकलेलो नाही. आणि मग त्यांचा मुलगा लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात पडून मरतो. तो धक्का बसण्यासाठी आधीचं कंटाळवाणं हलवाहलव करणं सोसावं लागतं. तिथे कात्री लावली असती तर पुस्तक बारीक झालं असतं, पण तो मृत्यूही बारीक झाला असता.

याचा अर्थ आठशेच्या आठशे पानं आवश्यक आहेत असं मी म्हणत नाही. मधले टोळक्यांचे आणि शरीरसंबंधांचे बरेच प्रसंग पुनरुक्त आहेत. शेजारी धावणाऱ्या मजकुरांतला एखादा तर मी सरळ ओलांडलाय. नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली तेव्हा आपल्याकडेही हेच चाललं होतं, अर्धे म्हणत समृद्ध, अर्धे म्हणत अडगळ. दोघंही शीर्षकातलेच शब्द वापरत होते.

वाचून बघायचं असेल तर क्रम असा धरा. आधी बेस्टर. अडीचशेच्या आसपास पानं आहेत, चार रात्रींत होईल. मग ‘डालग्रेन’, जमल्यास १९९६ नंतरची आवृत्ती घ्या, तिला विल्यम गिब्सनची प्रस्तावना आहे. हे कोडं सुटण्यासाठी घातलेलंच नाही, असं तो तिथे स्पष्ट सांगतो, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. रिचर्ड्सांच्या घरापर्यंत जा. तिथेही मन लागलं नाही तर खुशाल मिटून ठेवा. फिलिप के. डिकनेही तेच केलं होतं, आणि तो तर तितकाही पुढे गेला नव्हता.