६१७४ ची गंमत

बालमित्रांनो, पाटी घ्या. चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा १२३४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा :

४३२१ - १२३४ = ३०८७
८७३० - ०३७८ = ८३५२
८५३२ - २३५८ = ६१७४

आता कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येणार! उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरा. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत येथे पोहोचते.

हा शोध १९४९ साली देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी मांडला. पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांचे नाव जगभर गेले.

पालकहो, 'आमच्या पोराला गणित जमत नाही' असा शिक्का मारू नका. जेवणानंतर पोरांसोबत बसा. आज वजाबाकी पक्की झाली, तर उद्या मजुरीच्या हिशोबात त्याला कोणी फसवणार नाही.