इस्तंबूल : चहा नवा, पुस्तकं जुनी

शनिवारी सकाळी इस्तंबूलमध्ये आठ वाजता न्याहारीच्या टेबलावर हजर होणारा माणूस बहुधा पाहुणाच असतो. बेशिक्ताशच्या बाजारात एक गल्लीच न्याहारीवाल्यांची म्हणून ओळखली जाते. ती रंगात येते दहा-अकरानंतर, आणि एकदा बसलेलं कुटुंब लवकर उठत नाही. ‘सेर्पमे’ न्याहारी मागवली की वेटर टेबलाचं लाकूड दिसेनासं होईपर्यंत बशा मांडत जातो. खारट पांढरं चीज, पिवळं कशार चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, चेरीचा आणि अंजिराचा मुरंबा, दाट सायीवर ओतलेला मध. बऱ्याच ठिकाणी ही न्याहारी किमान दोघांसाठीच मिळते. एकट्यादुकट्याने कोपऱ्यावरच्या गाडीवर तीळ लावलेलं सिमितचं कडं घ्यावं आणि पुढे चालू लागावं.

मग येतं मेनेमेन. टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी पसरट भांड्यात एकत्र शिजवतात आणि भांडंच टेबलावर आणतात. त्यात कांदा घालायचा की नाही, हा तिथला जुना तंटा. वेदात मिलोर या खाद्यसमीक्षकाने 2018 मध्ये ट्विटरवर कौल घेतला, तर चार लाखांहून अधिक मतं पडली आणि कांदेवाले काठावर जिंकले. मिसळीच्या रश्श्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या वाचकांना यात काही नवल वाटू नये.

या सगळ्यात चहा अखंड चालू असतो. दोन मजली किटलीत खाली पाणी उकळतं, वर कडक अर्क मुरतो. ज्याला जसा लागेल तसा पाणी घालून, बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान जगात पुढे आहे. पाहुण्याला वाटतं, हे सुलतानांच्या काळापासूनचं असणार. तसं नाही. उस्मानी काळात मान होता कॉफीचा. पहिल्या महायुद्धानंतर कॉफी पिकवणारं येमेन हातचं गेलं, कॉफी परदेशातून विकत आणावी लागू लागली, आणि नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठच्या पावसाळी रिझे भागात चहाची लागवड करवली. रिझेचा पहिला चहा कारखाना 1947 चा. म्हणजे आज आजीच्या हातचा म्हणून मिरवणारा हा चहा आजीच्याच वयाचा आहे.

न्याहारीनंतर काबाताशहून ट्राम पकडून बेयाझितला उतरलं की गोष्ट उलटी होते : चहा वाटतो तितका जुना नाही, इथे मात्र जुनं खरंच जुनं आहे. मशीद आणि ग्रँड बाजार यांच्या मधल्या चौकात साहाफलार, म्हणजे जुन्या पुस्तकवाल्यांचा बाजार आहे. आता दुकानांत परीक्षेची गाइडं आणि पाठ्यपुस्तकंच जास्त दिसतात. पर्यटकांसाठी जुन्या हस्तलिखितांच्या सुट्या पानांवर नवी लघुचित्रं रंगवून विकतात. खालचा मजकूर कसला होता याची चौकशी कुणी करत नाही. चौकात इब्राहिम म्युतेफेरिकाचा अर्धपुतळा आहे. ट्रान्सिल्व्हानियात जन्मलेल्या या माणसाने 1729 मध्ये इस्तंबूलच्या आपल्या छापखान्यातून पहिलं पुस्तक काढलं : एक शब्दकोश.

त्या कोशाची लिपी अरबी. 1 नोव्हेंबर 1928 रोजी अतातुर्कच्या सरकारने कायद्याने लॅटिन लिपी आणली, आणि 1929 उजाडल्यापासून पुस्तकं नव्या अक्षरांतच छापायची असं ठरलं. आपल्याकडे मोडी हळूहळू मागे पडली. तिथे हे दोन महिन्यांत उरकलं. त्यामुळे साहाफलारमध्ये जुनं पुस्तक चाळणारा सुशिक्षित तुर्क बहुतेक वेळा कागद, बांधणी आणि चित्रंच पाहत असतो.

या लिपीबदलावरून अजूनही राजकारण तापतं. डिसेंबर 2014 मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषदेने शाळांत उस्मानी तुर्की, म्हणजे अरबी लिपीतली जुनी तुर्की, शिकवण्याची शिफारस केली. कुणाला आवडो न आवडो, ती शिकवली जाईलच, असं राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी बजावलं. ही अतातुर्कच्या सुधारणांवरच कुरघोडी आहे, असं विरोधकांचं म्हणणं पडलं. परिषदेची शिफारस मात्र त्यामानाने मवाळ होती : इमाम-हातिप या धार्मिक शाळांत सक्ती, इतर माध्यमिक शाळांत ऐच्छिक.